जेआरडी टाटांचं टपालाचं विमान बेळगावला उतरलं होतं का?

तुमच्या मुलीचं निपाणीच्या शाळेत जेआरडींवर तीन मिनिटांचं भाषण आहे आणि 1932 चं टपालाचं विमान बेळगावला उतरलं होतं, हे वाक्य त्यात घालावं का, असं तुम्ही विचारलंय.

घालू नका. ते गाव बळ्ळारी. मार्ग होता कराची–अहमदाबाद–मुंबई–बळ्ळारी–मद्रास. नावं सारखी वाटतात, आज दोन्ही जिल्हे कर्नाटकात आहेत, त्यामुळे घोळ होतो. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, बळ्ळारी मद्रास इलाख्यात. बेळगावजवळच्या आपल्या सांबऱ्याचा विमानतळ तर 1942 चा, म्हणजे दहा वर्षांनंतरचा.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे जेआरडींनी मद्रासपर्यंत विमान नेलं असं सांगणं. 15 ऑक्टोबर 1932 ला त्यांनी एक इंजिनाचं पुस मॉथ विमान कराचीहून मुंबईला, जुहूच्या मैदानावर आणलं. पुढचा टप्पा त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिंटसेंट यांनी उडवला. ही सेवा सुरू करण्याची कल्पनाही मुळात व्हिंटसेंट यांचीच, त्यामुळे त्यांचं नाव भाषणात यायलाच हवं. कराचीच का? विलायतेची डाक इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीच्या विमानानं तिथवर येई, तिथून ती खाली दक्षिणेत लवकर पोचवायची होती.

मुलांना आवडेल असा तपशील अहमदाबादचा आहे: तिथं पेट्रोल बैलगाडीतून आलं, चार-चार गॅलनच्या डब्यांत. एक डबा साधारण 18 लिटरचा. विमानात रेडिओ नव्हता. वाट काढायची ती नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारी जमीन यांच्या आधारानं. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जाई, म्हणून तेवढे महिने मुक्काम पुण्याला हलवावा लागे.

‘पहिले भारतीय वैमानिक’ असंही लिहू नका. पहिल्या महायुद्धात इंद्रलाल रॉय लढाऊ विमान उडवत होते. जेआरडींचा मान वेगळा आहे: 10 फेब्रुवारी 1929 ला भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांचा, क्रमांक 1. आणि त्यांना टाटा उद्योगसमूहाचे संस्थापकही म्हणू नका, ते जमशेटजी. जेआरडी 1938 साली, वयाच्या 34 व्या वर्षी अध्यक्ष झाले आणि 1991 पर्यंत राहिले.

जन्म 29 जुलै 1904, पॅरिस, आई फ्रेंच. भारतरत्न 1992, निधन 29 नोव्हेंबर 1993, जिनिव्हा. हे दोन वाक्यांत उरका. त्यापेक्षा एअर इंडियाला, म्हणजे याच टपालसेवेतून वाढलेल्या विमान कंपनीला, वेळ द्या. 1953 मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली तेव्हा त्यांना ते अजिबात पटलं नव्हतं, तरीही 1978 पर्यंत तिचं अध्यक्षपद त्यांनी विनावेतन सांभाळलं. माझ्या मते त्यांचा खरा मोठेपणा इथं दिसतो.

भाषणाचा शेवट 15 ऑक्टोबर 1982 वर करा. त्या दिवशी 78 वर्षांच्या जेआरडींनी छोटं लेपर्ड मॉथ विमान घेऊन कराची ते मुंबई हे अंतर पुन्हा स्वतः उडवलं.