चौकोनाचा गोल, पण आठावरून

प्रश्न : बाळीवेशीतल्या आमच्या जुन्या घराची एक तुळई उतरवली. सागवानी, 10 सेंमी चौकोनी, सात फूट लांब. ओसरीला तिचाच गोल खांब करायचाय. घरी रंधा, पटाशी आहे. पण रंधा मारला की मधेच लाकूड उपटतं. आणि वरून काय लावू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी फ्रिजवरचं लोहचुंबक काढा आणि तुळईच्या चारही अंगांवरून फिरवा. मी एकदा आळस केला, तर चुन्याखाली मोडलेला खिळा माझ्या रंध्याच्या पात्यानंच शोधून दिला. पात्याची खाच घासून काढण्यात अख्खी दुपार गेली.

थेट गोल करायला जाल तर खांब वांग्यासारखा होईल. आधी अष्टकोन. प्रत्येक अंगावर दोन्ही कडांपासून 29 मिमीवर खतावणीनं (कडेला समांतर रेघ ओढायचं सुताराचं हत्यार) रेघ ओढा, मधे 42 मिमी उरतात. दोन ठोकळ्यांना व्हीसारख्या खाचा करून त्यांत तुळई कोपऱ्यावर बसवा आणि कोपरे रेघेपर्यंत उतरवा. मग आठही अंगांवर कडेपासून साधारण 11 मिमी आत रेघा ओढून पुन्हा तसंच, झाले सोळा. पुढे पॉलिशपेपरची पट्टी दोन्ही हातांनी खांबाभोवती ओढायची, बूट चमकवतात तशी. शेवटचा हात मात्र उभा, लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच. मला विचाराल तर मी आठावरच थांबेन. सावलीत त्या कडा फार देखण्या दिसतात.

लाकूड उपटतं, कारण रंधा रेषांच्या विरुद्ध चाललाय. शेजारच्या अंगावर बघा : रेषा ज्या दिशेला वर चढतात, त्याच दिशेनं रंधा न्यायचा. गाठीपाशी ही दिशा बहुधा उलटते, म्हणून दोन्हीकडून गाठीकडे यायचं. पातं पाजळा, कमी काढा. ढलपी कांद्याच्या सालीइतकी पातळ निघाली पाहिजे.

वरून रंगाच्या दुकानातलं बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल लावा. पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी पुसा, दिवसभर वाळू द्या. असे तीन हात. सोलापुरात सुती चिंध्यांना तोटा नाही, पण तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. अंगणात दोरीवर पसरून वाळवा.

खालच्या टोकाला पिईल तितकं तेल पाजा. खांब सिमेंटात गाडू नका, ओल धरून कुजतो. तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, उभा करा. जुन्या घराचे तळखडे अजून मागच्या अंगणात पडले असतील, बघा.