आठ घरं, वीस गुंठे आणि तुमचे साडेसात लाख

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. बेळगावातल्या अनगोळचे एक दादा आहेत, वय ४७, उद्यमबागेत फाउंड्रीत सुपरवायझर, हातात ३८ हजार येतात, वहिनी घरी साड्यांना फॉल-पिको करून पाच-सहा हजार मिळवतात. मुलगा १६ वर्षांचा, ऑटिझम आहे, मोजकं बोलतो, स्पेशल स्कूलला जातो, शाळा-थेरपी-व्हॅन मिळून महिन्याला आठ हजार. मुलगी १२ वर्षांची. घर स्वतःचं, कर्ज नाही, पीएफमध्ये साधारण ९ लाख आणि वडिलांकडची जमीन विकून वाट्याला आलेले १८ लाख गावातल्या एका क्रेडिट सोसायटीत साडेनऊ टक्क्यांनी ठेवलेत. आता असं की ऑटिझमवाल्या मुलांच्या आठ घरांचा एक ग्रुप जमलाय, आणि ग्रुपमध्ये ठरतंय की प्रत्येकी साडेसात लाख काढून खानापूर तालुक्यात नंदगडच्या अलीकडे वीस गुंठे घ्यायचे, तिथं मुलांसाठी कायमचं घर बांधायचं, 'आपल्या माघारी पोरं एकत्र राहतील'. दादा विचारतात, देऊ का? वहिनी म्हणतात द्यायचेच.

दादा, पहिल्यांदा एक सांगतो, वहिनी चुकत नाहीयेत. तुम्ही लिहिलंय की विसर्जनाच्या रात्री डॉल्बी सुरू झाला की पोरगा कानावर हात ठेवून पलंगाखाली जाऊन बसायचा, आणि गेली दोन वर्षं आठही घरं त्या दिवशी पोरांना घेऊन ग्रुपमधल्या एकाच्या खानापूरकडच्या जुन्या घरी जातात, पिठलं-भात करतात, रात्रभर कुणी ना कुणी जागं असतं आणि पोरं झोपतात. नात्यातल्या लग्नात ज्यांना चार लोक वळून बघतात त्यांच्यासाठी हे केवढं मोठं आहे ते मी काय सांगू. पण बघा की, हे सगळं झालं तेव्हा ग्रुपच्या नावावर एक गुंठा पण नव्हता. तुम्हाला जे हवंय ते ती माणसं आहेत आणि ती माणसं टिकवायची असतील तर सगळ्यात आधी त्यांच्यात जमीन आणू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सख्ख्या भावांची तोंडं बांधावरून फिरलेली आपल्या भागात कुणी बघितली नाहीत?

आता हिशोब करू. आठ गुणिले साडेसात म्हणजे ६० लाख, त्यातले ४० जमिनीला आणि २० बांधकामाला असं तुम्ही लिहिलंय. आठ मुलं, सांभाळणारी माणसं, स्वयंपाकघर, एखादी शांत खोली धरली तर दोन हजार स्क्वेअर फूट तरी लागणार, अगदी साधं बांधकाम १८०० रुपयांनी धरलं तरी ३६ लाख झाले, म्हणजे स्लॅब पडायच्या आधीच प्रत्येकी अजून दोन लाख मागायची वेळ येणार. शिवाय शेतजमीन असेल तर आधी एनए म्हणजे बिगरशेती करून घ्यावी लागणार, त्याचा खर्च आणि वेळ वेगळा. बरं, बांधलं. चालवणार कोण? चोवीस तास मुलं राहणार म्हणजे कमीत कमी चार माणसं आळीपाळीने, त्यांचे पगार ५५ हजार, आठ जणांचं जेवणखाण २८ हजार, लाईट, औषधं, दुरुस्ती १२-१३ हजार. महिन्याला ९५-९६ हजार, म्हणजे एका मुलामागे बारा हजार, तेही आजच्या भावात. तुम्हाला हे घर खरं लागणार वीस वर्षांनी, आणि महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर हेच बारा हजार तेव्हा साडेअडतीस हजार होतात. हा आकडा ग्रुपमध्ये कुणी काढलाच नाही असं तुमच्या पत्रावरून वाटतंय. जमीन घेतली की काम झालं असं वाटतं, खरं काम तिथून पुढं असतं. आणि खानापूर तालुक्यातला पाऊस तुम्हाला मी सांगायला नको, जुलैमध्ये दोन दोन दिवस लाईट नसते, रात्री एखाद्या मुलाला फिट आली तर तिथून बेळगावच्या दवाखान्यापर्यंत गाडी कोण काढणार हे पण आजच विचारून ठेवा.

यापेक्षा मला जास्त भीती वाटली ती तुमच्या पत्रातल्या एका ओळीची, 'सध्या एका पालकाच्या नावावर घेऊ, नंतर संस्थेच्या नावावर करू'. नको. उताऱ्यावर ज्याचं नाव त्याची जमीन, तो माणूस कितीही देवमाणूस असला तरी उद्या त्याचं काही झालं तर ती त्याच्या बायको-मुलांना वारसाने जाणार, आणि त्याच्या मुलीच्या सासरच्यांना तुमच्या व्हॉट्सअप ग्रुपवर काय ठरलं होतं त्याच्याशी काही देणंघेणं नसणार. ग्रुपचं काही करायचंच असेल तर आधी संस्था, मग पैसा. कर्नाटकात १९६० च्या कायद्याने संस्था रजिस्टर करायला कमीत कमी सात माणसं लागतात, तुम्ही आठ घरं आहात, जमतंय. घटनेत दोन गोष्टी स्पष्ट हव्यात, एखादं घर बाहेर पडलं तर पैशाचं काय, आणि आईबाप दोघंही गेले तर त्या मुलाच्या वतीने मत कोण देणार. हे विचारल्यावर कुणाला राग आला तर जमीन घ्यायच्या आधीच आला हे बरंच की.

मग करायचं काय? भाड्याने घ्या. अनगोळ, वडगाव, टिळकवाडीच्या बाजूला तळमजल्याची तीन खोल्यांची जागा, रोज शाळा सुटल्यावर आणि रविवारी पूर्ण दिवस. भाडं १० हजार, एक शिकलेली टीचर १४ हजार, एक मावशी ९ हजार, लाईट-चहा-सामान ३ हजार, एकूण ३६ हजार, आठ घरांत प्रत्येकी साडेचार हजार. आता गंमत बघा, तुमचे साडेसात लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला साडेबावन्न हजार व्याज, म्हणजे महिन्याला ४,३७५. जवळजवळ तेवढेच. म्हणजे मुद्दलाला हात न लावता पोरगा रोज त्याच मुलांत, त्याच मावशीकडे असणार, वहिनींना दुपारचे तीन तास मिळणार ज्यात फॉल-पिकोचं काम दीडपट होईल, आणि साडेसात लाख तुमच्याच नावावर. व्याज वाढणार नाही आणि पगार-भाडं वाढणार हे खरं आहे, तीन-चार वर्षांनी खिशातून हजार-दीड हजार घालावे लागतील, पण जमिनीत अडकवलेल्या पैशाने हे तीन तास एक दिवससुद्धा मिळत नाहीत.

तीन वर्षं असं चालवून बघा. कुठली मुलं एकत्र राहू शकतात ते तेव्हाच कळेल, एक मोठ्याने ओरडणारा आणि एकाला आवाज अजिबात सहन होत नाही, हे दोघं एका छपराखाली आयुष्यभर ठेवायचे का हा प्रश्न नकाशावर सुटत नाही. तीन वर्षांनी सहा घरं जरी टिकली तरी संस्था नॅशनल ट्रस्टकडे (ऑटिझमसारख्या अपंगत्वासाठीची केंद्र सरकारची संस्था) नोंदवता येते, पालकांच्या संघटनांना तशी सोय आहे, आणि नोंदलेल्या संस्थांसाठी त्यांच्या डे-केअर आणि मोठ्या मुलांच्या ग्रुप होमच्या योजना आहेत. त्या मिळतीलच असं धरून चालू नका, पण जमिनीचा विषय काढायचा तो तेव्हा.

आता ग्रुपचं सोडून तुमच्या घराचं बोलू, कारण खरी भोकं तिथं आहेत.

१८ लाख सगळे एका क्रेडिट सोसायटीत आहेत हे वाचून पोटात गोळा आला. बँकेत, अगदी सहकारी बँकेत पण, एका माणसाच्या एका बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला सरकारी विमा असतो. क्रेडिट सोसायटीला तो नाही, एक रुपयाला पण नाही. चेअरमन ओळखीचे आहेत, गणपतीला पावती फाडतात, सगळं मान्य, तरी ते अडीच टक्के जास्त व्याज म्हणजे तुमच्या मुलाच्या आयुष्यावर घेतलेली रिस्क आहे. ठेवी जशा मॅच्युअर होतील तशा काढा, मुदत लांब असेल तर थोडं व्याज सोडून मोडा, आणि दोन-तीन बँकांत आणि पोस्टात वाटून ठेवा.

दुसरं, तुम्ही एकटे कमावणारे आणि टर्म इन्शुरन्स, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना मोठी रक्कम देणारा विमा, नाही! ती ३ लाखांची जुनी एलआयसी असू दे, तिने काय होणार. निदान ७५ लाखांचा टर्म प्लॅन काढा, आणि फॉर्म भरताना १८७४ च्या मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्टखाली काढा, एजंट टाळाटाळ करेल, तरी हट्ट धरा. तसा काढला की ते पैसे बायको-मुलांच्या ट्रस्टचे धरले जातात, घेणेकरी किंवा भाऊबंद हात लावू शकत नाहीत.

पीएफच्या पेन्शनबद्दल फार लोकांना माहीत नसतं म्हणून लिहितो. ईपीएस १९९५ मध्ये सभासद गेल्यावर त्याचं मूल कायमचं आणि पूर्ण अपंग असेल तर मुलांची पेन्शन २५ वर्षांला बंद होत नाही, आयुष्यभर चालते. रक्कम मोठी नाही, पण आयुष्यभर आहे. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आणि अपंगत्वाचं सर्टिफिकेट तयार ठेवा आणि कंपनीच्या रेकॉर्डला फॅमिलीत मुलाचं नाव बरोबर आहे का ते एचआरला विचारून घ्या, स्पेलिंगसकट.

निरामय विमा काढलाय का, पत्रात दिसला नाही. नॅशनल ट्रस्टची योजना, १ लाखापर्यंत कव्हर, आधी कुठली मेडिकल टेस्ट नाही, ओपीडी आणि थेरपीचे पण पैसे ठरलेल्या मर्यादेत परत मिळतात, बीपीएलला २५० आणि बाकीच्यांना ५०० रुपये फी. लोक काढतात आणि क्लेम करत नाहीत कारण बिलं जपून ठेवायचा कंटाळा. हे काम ग्रुपने वाटून घ्या, आठांपैकी एक जण फॉर्मचा माहीतगार झाला की सगळ्यांचं होतं. (इन्कम टॅक्समध्ये अपंग मुलाच्या सांभाळासाठी मिळणारी ७५ हजारांची वजावट मात्र डोक्यातून काढा, तुमच्या पगाराला नव्या पद्धतीत टॅक्सच लागत नाही.)

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: पोरगा दोन वर्षांनी अठराचा होणार. त्या दिवसापासून कायद्याने तुम्ही त्याचे पालक राहत नाही, बँक सही त्याचीच मागणार. डीसींच्या (जिल्हाधिकाऱ्यांच्या) अध्यक्षतेखाली जिल्ह्याची लोकल लेव्हल कमिटी असते, तिथं अर्ज करून लीगल गार्डियन नेमून घ्यायचा, आईबाप स्वतःच गार्डियन होऊ शकतात आणि ते सर्टिफिकेट बँका मान्य करतात. गार्डियनला सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशोब द्यावा लागतो, म्हणून मुलाच्या नावावर फार पैसे ठेवूच नका. त्यापेक्षा मृत्युपत्र करा आणि त्यातूनच मुलासाठी ट्रस्ट तयार होईल असं लिहा, ट्रस्टी दोन ठेवा, एक गडहिंग्लजचे मामा आणि एक ग्रुपमधला तुमच्यापेक्षा वयाने लहान माणूस. साक्षीदार मात्र ज्यांना काही मिळणार नाही असेच घ्या, आणि सब-रजिस्ट्रारकडे नोंदवून टाका. वकिलाला चार पैसे द्या, नेटवरचा नमुना नको. मुलगा पुढे-मागे मामांकडे गेला तर यूडीआयडी कार्ड देशभर चालतं, पण कर्नाटक सरकारची अपंगांची पेन्शन हद्द ओलांडून येत नाही, महाराष्ट्रात नव्याने अर्ज करावा लागेल. आपल्या भागातल्या घरांनी एवढं तरी लक्षात ठेवावंच.

तर १८ लाख असे: २ लाख अडीअडचणीला, साडेसात लाख एफडी-पोस्टात ज्याच्या व्याजावर ग्रुपचा हप्ता जाईल, ४ लाख इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा म्युच्युअल फंड) पण एकदम नाही, दीड-दोन वर्षांत थोडे थोडे, आणि पंधरा वर्षं बघायचं नाही. ३ लाख मुलीच्या शिक्षणाला, हे तिचे, भावासाठी मोडायचे नाहीत. तिच्याबद्दल पत्रात एकच ओळ आहे, 'ती बघेलच त्याला'. बारा वर्षांच्या पोरीवर एवढ्यात असं लिहून ठेवू नका, तिला बघावंसं वाटलं तर ती बघेल, पण पैसा आणि कागद तिच्यावाचून उभे राहिले पाहिजेत. राहिलेले दीड लाख पहिल्या वर्षांचे विमा हप्ते, वकील, सर्टिफिकेटांची पळापळ.

वहिनींचं सोनं गहाण ठेवून कमी पडलेले पैसे भरायचं विचारलंय, त्याचं उत्तर 'नाही' एवढंच.

रविवारी मीटिंग आहे म्हणालात आणि जमीनमालक ५० हजार संचकार, म्हणजे इसार, मागतोय. संचकार द्यायचा नाही, एक रुपया पण नाही, कारण तो दिला की पुढचा सगळा विचार तो वाचवायच्या नादात होतो. त्याऐवजी वर लिहिलेला चालवायच्या खर्चाचा हिशोब एका कागदावर काढून न्या, आठ प्रती झेरॉक्स करून प्रत्येकाच्या हातात द्या, आणि वडगावात ती खालची जागा भाड्याला आहे म्हणालात ना, मालकाचा नंबर सोबत ठेवा.