वेफर्सचं खोकं आणि अमेरिकेचा कायदा

प्रश्न : फैजपूरला आमचा केळी वेफर्सचा कारखाना आहे. अमेरिकेतून मागणी आलीय. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं, म्हणजे ‘एफडीएचं सर्टिफिकेट’ काढून देतो म्हणून एक दलाल भरपूर पैसे मागतोय. द्यावेत का? आई घरचे बिबडेही (ज्वारीचे पापड) तिकडे अमेरिकेत ताईला पाठवणार आहे.

उत्तर : दादा, त्या कागदासाठी एक रुपयाही देऊ नका. असं सर्टिफिकेट एफडीए देतच नाही. कारखान्याची नोंदणी होते, तीही मोफत. फक्त अमेरिकेत राहणारा प्रतिनिधी नेमावा लागतो. तो त्याची फी घेईल. दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नूतनीकरण चुकवू नका.

अन्नातून कुणी मुद्दाम विष किंवा रोगजंतू पसरवू नयेत, म्हणून २००२ च्या जैविक दहशतवादविरोधी कायद्याने हे आलं. मला त्यातली नोंदवही सर्वांत मोलाची वाटते : केळी कुणाकडून घेतली, तेलाचे डबे कुठल्या दुकानातले, कुठला लॉट कुणाला गेला. एका खोक्यात दोष निघाला तर नेमका तेवढाच माल परत बोलावता येतो, कुणाचं तरी लेकरू वाचतं. ही वही आजच घाला.

माल जहाजाने जाणार असेल तर पोहोचण्याच्या किमान ८ तास आधी एफडीएला पूर्वसूचना हवी, विमानाने ४ तास.

आईंनी स्वतः घरी केलेले बिबडे भेट म्हणून पाठवायला मात्र ही पूर्वसूचना लागत नाही.