डोक्यावरची गाठ कापू नका

प्रश्न : वडिलांना जुनी 'बी' कावीळ आहे. गेल्या वर्षी यकृताचा कॅन्सर निघाला, गोळ्या चालू आहेत. महिन्याभरात टाळूवर बोराएवढी लालसर गाठ आली. दुखत नाही, पण केस कापताना वस्तरा लागला नि रक्त थांबेना. गावातले डॉक्टर म्हणतात करट आहे, चीर देऊ. आईने त्यांचं ताट, टॉवेल वेगळं केलंय. काय करावं?
– एक मुलगी, पंढरपूर

उत्तर : ताई, आधी ती चीर थांबवा. करट ठणकतं, गरम लागतं. ही गाठ ना दुखते, ना पिकते, नुसती भराभर वाढते. ती यकृताच्या कॅन्सरची असू शकते, आणि त्या कॅन्सरच्या गाठीत रक्तवाहिन्या दाट असतात. शिवाय रक्त गोठवणारी द्रव्यं बहुतेक यकृतातच तयार होतात, त्यामुळे ते बिघडलं की रक्त लवकर थांबत नाही. चीर दिली तर पू निघणार नाही, रक्ताची धार लागेल.

गाठ कॅन्सरचीच, असं पत्रावरून सांगणार नाही. हा आजार पसरतो तो बहुधा फुप्फुसांत, हाडांत, लसिकाग्रंथींत; कातडीवर क्वचित. पण टाळूला रक्तपुरवठा भरपूर, त्यातून पेशी तिथेही पोचतात. आम्हा पॅथॉलॉजिस्टना (तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्यांना) बोराच्या बीएवढा तुकडाही पुरतो. आर्जिनेज (यकृताच्या पेशींतलं एक प्रथिन) दाखवणारे खास रंग लावले की पेशी यकृतातून आल्यात का, ते बहुतेक वेळा कळतं. तुमच्याकडून बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल जवळ आहे. जुने सीटी नि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन जा. तुकडा काढण्याआधी प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) तपासायला सांगा.

पसरलेलाच निघाला तर आजार पुढे गेलाय, हे खरं. औषध बदलायचं का, हे त्यांची ताकद आणि यकृत किती शाबूत आहे यावर ठरेल. गाठ सारखी वाहत असेल तर रेडिएशनचा थोडा शेक देऊन ती सुकवता येते. तोवर रक्त आलं तर स्वच्छ गॉज दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. हळद, चुना, कॉफी काही नको. दुखण्यावरच्या गोळ्या विचारल्याशिवाय देऊ नका.

आईंना सांगा, कॅन्सर ताटा-टॉवेलातून लागत नाही. 'बी' कावीळ मात्र रक्तातून पसरते, म्हणून वस्तरा आणि दाताचा ब्रश वेगळा हवा, आणि रक्त पुसताना हातमोजे. तुमची, आईंची, भावंडांची एचबीएसएजी ('बी' काविळीची रक्ताची) तपासणी करून घ्या. ज्यांना लागण नाही त्यांनी लस घ्यावी. न्हाव्यालाही सांगा, तो वस्तरा दुसऱ्या कुणाला लावू नये.