तारकर्लीला पहिल्यांदा स्कूबा करायला जातोय. मास्क, स्नॉर्केल, फिन्स यांपैकी काय विकत घ्यावं?

(प्रश्नकर्ते लिहितात: मी लातूर जिल्ह्यातला. विहिरीत चांगलं पोहतो, समुद्रात कधी उतरलो नाही. दिवाळीनंतर मित्रांसोबत तारकर्लीला जातोय, स्कूबा (सिलिंडरच्या हवेवर पाण्याखाली जाणं) आणि स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून वरच्यावर तरंगत खाली बघणं) दोन्ही करायचंय. ऑनलाइन मास्क, स्नॉर्केल आणि फिन्स (पायात घालायची वल्ही) यांचा सेट स्वस्तात दिसतोय, पूर्ण चेहरा झाकणारा मास्कही दिसतोय. मला चष्मा आहे. बजेट पाच हजार.)

फक्त मास्क घ्या. फार तर सोबत एक साधं स्नॉर्केल. बाकी सगळं तिथं मिळतं आणि पहिल्या डाईव्हच्या पैशातच ते धरलेलं असतं. मी परभणीचा. जगात जर्मनी अन् भारतात परभणी असं आम्ही कितीही ऐटीत म्हटलं तरी समुद्र आमच्यापासूनही तेवढाच लांब आहे जेवढा तुमच्यापासून. त्यामुळं ‘घेऊन ठेवू, लागेल कधीतरी’ हा हिशोब आपल्याकडं बसत नाही. लागत नाही. माळ्यावर पडून राहतं.

मास्क मात्र स्वतःचा असावा, कारण तो तुमच्या तोंडाच्या मापाचा लागतो. विहिरीत साधा पोहायचा गॉगल लावून खोल बुडी मारली असेल तर आठवून बघा. खाली जाताना गॉगल डोळ्यांवर असा आवळतो की बुबुळं बाहेर ओढली जातायत असं वाटतं. दर दहा मीटर खोलीला साधारण एक वातावरण, म्हणजे जमिनीवर हवेचा असतो तेवढा, दाब वाढतो. त्या दाबानं गॉगलमधली हवा आकसते, आणि आत नवी हवा सोडायला वाटच नसते. डाईव्हिंगच्या मास्कमध्ये नाक आत घेतलेलं असतं ते याचसाठी. नाकातून जराशी हवा सोडली की आतला दाब बाहेरच्या पाण्याशी जुळतो. म्हणून पोहायचा गॉगल कितीही भारी कंपनीचा असला तरी स्कूबाला चालत नाही.

त्याच मास्कचा नाकाचा भाग मऊ आणि बोटांनी चिमटीत धरता येईल असा हवा. खाली जाताना कानाला दडे बसतात, ते सोडवायला नाक चिमटून हळूच हवा लोटावी लागते. हे दुखायला लागल्यावर करायचं नसतं, दुखण्याच्या आधी, दर थोड्या अंतरावर करत जायचं. विहिरीच्या तळातला गाळ मुठीत आणून दाखवणारी आपली पोरं कान दुखला तरी दात-ओठ खाऊन खाली जातात. ती सवय समुद्रात कानाच्या पडद्याला महागात पडते. कान मोकळा होत नसेल तर थोडं वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा, तरी नाही झाला तर त्या दिवसापुरतं डाईव्हिंग बंद. सर्दी झालेली असताना तर उतरूच नका.

आता मास्क कसा निवडायचा. हे काम दुकानात जाऊनच करा, म्हणजे बहुधा पुण्याला. कुणी जाणारं-येणारं असेल तर त्यांच्यासोबत स्वतः जा, त्यांना ‘माझ्यासाठी एक आण’ असं सांगू नका. पट्टा डोक्यामागं न घालता मास्कच्या समोरच्या बाजूवर उलटा टाका, मास्क नुसता तोंडावर टेकवा. कपाळावरचे केस कडेखाली अडकू देऊ नका. मग नाकातून थोडासा श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चेहऱ्याला चिकटून तसाच राहिला पाहिजे. खाली घसरला किंवा गालाच्या हाडापाशी कुठून बारीक फुस्स आवाज आला तर तो मास्क तुमचा नाही, मग त्याची किंमत आणि रंग काहीही असो. नंतर तोंडात स्नॉर्केलचा चावायचा भाग धरून हीच परीक्षा पुन्हा घ्या; ओठ पुढं आले की गाल बदलतात आणि काही मास्क तेव्हाच गळायला लागतात. नाकाच्या वरच्या हाडावर काच टेकत नाही ना, हेही बघा. दुकानात पाच मिनिटं टोचलेलं पाण्यात अर्धा तास टोचतं.

काच टेंपर्ड (तापवून मजबूत केलेली) असावी, तसं मास्कवर लिहिलेलं असतं. चेहऱ्याला लागणारी कड सिलिकॉनची असावी. स्वस्त सेटमध्ये ती प्लास्टिकची असते आणि काच बऱ्याचदा काच नसतेच. ते सेट लहान मुलांनी हौदात खेळायला ठीक आहेत. तुम्हाला दीड-दोन हजारांपासून पुढं चांगला मास्क मिळेल.

मिशीचं एक सांगतो, कारण आपल्याकडं हा नाजूक विषय आहे. नाकाखालचे केस सिलिकॉनच्या कडेखाली आले की तिथून पाणी झिरपतं. पूर्ण मिशी काढायची गरज नाही. नाकपुडीच्या लगेच खालची बारीक पट्टी मारून घेतली तरी बराच फरक पडतो. मी तेवढंच करतो. घरी कुणाच्या लक्षातही येत नाही.

चष्म्याचं: मास्कच्या आत चष्मा बसत नाही, काड्यांमुळं कड उघडी राहते. पाण्यात वस्तू साधारण एक तृतीयांशानं मोठ्या आणि एक चतुर्थांशानं जवळ दिसतात, त्यामुळं नंबर लहान असेल तर चष्म्याशिवाय निभतं. मोठा वजा नंबर असेल तर दोन वेगळ्या काचांचा मास्क घ्या. अशा काही मास्कना नंबरच्या काचा बदलून मिळतात. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या चालतात, फक्त प्रशिक्षकाला आधी सांगा आणि मास्कमध्ये पाणी आलं तर डोळे मिटून घ्या.

पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घेऊ नका. फोटोत छान दिसतो, नाकानं श्वास घेता येतो, म्हणून नवख्या माणसाला तोच सोपा वाटतो. पण त्यात नाक चिमटता येत नाही, म्हणजे कान मोकळे करता येत नाहीत, म्हणजे खाली जाता येत नाही. स्कूबाला तो शून्य उपयोगाचा. वरच्यावर पोहायलाही माझं मत वाईटच आहे. आत पोकळ जागा जास्त असते आणि झडपा नीट नसतील तर सोडलेली शिळी हवाच परत ओढली जाते. घाबरल्यावर साधं स्नॉर्केल तोंडातून थुंकून टाकता येतं, हे अख्खं तोंडावरून सोडवत बसावं लागतं.

स्नॉर्केल म्हणजे वाकडी नळी. त्यात फार डोकं लावू नका. वरच्या टोकाला लाटेचं पाणी अडवणारी टोपी आणि खाली पाणी काढून टाकायची झडप असली की झालं. लांबी तीस-चाळीस सेंटिमीटरच्या आसपास असते आणि तेवढीच बरोबर आहे. आपल्याकडं शेतातला पीव्हीसी पाईप किंवा ठिबकची नळी तोंडात धरून विहिरीत खाली बसायचा उद्योग पोरं करतात. तो जमत नाही आणि जिवावर बेततो. एक मीटर खाली गेलं तरी छातीवर पाण्याचा दाब इतका येतो की वरची हवा आत ओढायला बरगड्यांचे स्नायू कमी पडतात. शिवाय लांब नळीत आपलीच सोडलेली हवा मागं-पुढं फिरत राहते. सिलिंडर लागतो तो याचमुळं: त्याला जोडलेला रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरायचं यंत्र, तुम्ही असाल त्या खोलीच्या दाबानं हवा देतो. आणि त्याला ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणायचं सोडून द्या. त्यात गाळून दाबून भरलेली साधी हवा असते. शुद्ध ऑक्सिजन सहाएक मीटरच्या खाली विषारी ठरू शकतो.

फिन्स घेऊ नका. पहिल्या हौशी डाईव्हला प्रशिक्षक तुम्हाला धरून फिरवतो, पायांचं काम फारसं नसतं. पुढं कोर्स करायचा ठरवलात तर विचार करा. वेटसूट (अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख), हवेचं जॅकेट, रेग्युलेटर, खोली आणि वेळ मोजणारा डाईव्ह कॉम्प्युटर यांचं तर नावच काढू नका. रेग्युलेटरला वर्षाकाठी सर्व्हिसिंग लागतं, आणि ते आपल्या भागात कुठं करणार? हातमोजे आणि चाकूही घेऊ नका. हातमोजे घातले की माणूस दिसेल ते धरायला जातो. मालवणचा हा पट्टा 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभं तर मुळीच राहायचं नाही.

उरलेल्या पैशातून एक लांब बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा रॅशगार्ड घ्या. सुती टी-शर्ट पाण्यात जड होतो. स्नॉर्केलिंगमध्ये पाठ तासभर उन्हात असते. रानात उन्हाची सवय असलेल्यांचीही मान आणि पोटऱ्या सोलून निघतात.

नवा मास्क घरी आला की काचेवर कारखान्याचा न दिसणारा थर असतो. जेल नसलेली साधी पांढरी टूथपेस्ट आतल्या बाजूनं बोटानं चोळा, धुवा, पुन्हा चोळा. हे न करता गेलात तर खाली गेल्यावर काच धुरकट होईल आणि तुम्ही मासे सोडून धुकं बघत बसाल. डाईव्हच्या आधी काचेवर आतून थुंकी फिरवून खळबळून घेतात. किळस वाटत असेल तर बेबी शाम्पूचा एक थेंब.

मग तो मास्क आणि स्नॉर्केल घेऊन जाण्याआधी पाण्यात बसा. गावातली पायऱ्यांची विहीर किंवा शहरातला तरणतलाव, कुठंही, पण छातीएवढ्या पाण्यात आणि सोबत कुणीतरी असताना. दोन गोष्टी शिका. नाक बंद असताना नुसत्या तोंडानं संथ श्वास घेणं. आणि मास्कमध्ये मुद्दाम थोडं पाणी येऊ देऊन ते काढणं: वरची कड बोटांनी कपाळाला दाबा, मान जरा वर करा, नाकातून जोरात हवा सोडा, पाणी खालून निघून जातं. पहिल्यांदा नाकात जाईल, ठसका लागेल. तो ठसका पायऱ्यांवर बसून लागलेला बरा. पट्टीचा पोहणारा समुद्रात घाबरतो तो इथंच. पोहणं येत असतं, पण पाण्याखाली थांबून शांत श्वास घ्यायची सवय नसते. आणि विहिरीला चारी बाजूंनी काठ असतो, समुद्रात ओढ असते, म्हणून स्नॉर्केलिंगला लाईफ जॅकेट घालायचंच. त्यात कमीपणा मानू नका.

तिथं गेल्यावर भाड्याच्या सामानाकडं डोळे उघडे ठेवून बघा. काही ठिकाणी सिलिंडर पाठीवर न देता बोटीवरच ठेवतात आणि लांब नळीनं हवा देतात. कोणती पद्धत आहे ते पैसे देण्याआधी विचारा. पाठीवर असेल तर सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा काटा साधारण 200 बारच्या (बार हे दाबाचं माप) जवळ हवा. रेग्युलेटर तोंडात धरून काट्याकडं बघत चार-पाच श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकत असेल तर झडप पूर्ण उघडलेली नाही, लगेच सांगा. चावायचा रबरी भाग फाटलेला नको. हाताच्या खुणा नीट समजून घ्या. अंगठा वर केला की त्याचा अर्थ ‘मस्त’ होत नाही, ‘वर चला’ होतो, आणि तुम्हाला खरंच वर नेतील. वर येताना श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येता येता फुप्फुसातली हवा फुगते, तिला बाहेर जायला वाट लागते. बुडी मारणाऱ्याला दम धरायची सवय असते, म्हणून हे तुम्हाला मुद्दाम सांगतोय.

दमा, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन यातलं काही असेल तर फॉर्मवर लपवू नका, आधी डॉक्टरांना विचारा. ग्रुपमधल्या सगळ्यांना हे वाचून दाखवा, लपवणारा एक तरी निघतो.

परत आल्यावर मास्क गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. बोअरचं क्षाराचं पाणीही चालेल, मिठापेक्षा परवडलं. सावलीत वाळवा आणि डब्यात घालून कपाटात ठेवा. पत्र्याखाली किंवा मे महिन्यात गाडीत राहिला तर कड वाकडी होऊन तो कायमचा गळका होतो.

आणि निघायची घाई करू नका. कोकणातून लातूरला यायचं म्हणजे घाट चढणं आलंच. आंबोलीचा माथा सातशे मीटरच्या आसपास आहे. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, म्हणून डाईव्हनंतर तिथं जाणं हा विमानात बसण्यासारखाच प्रश्न आहे, विमानाआधी अठरा तास थांबायला सांगतात. पाच-सहा मीटरच्या एका छोट्या डाईव्हला धोका कमी, तरी तुमचं नियोजन प्रशिक्षकाला सांगून विचारा. सगळ्यात सोपं म्हणजे डाईव्ह पहिल्या दिवशी सकाळी ठेवा आणि किल्ला, बाजार, मासे दुसऱ्या दिवशी. बहुतेक जण उलटं करतात.