जळगावहून मुंबईला एका संध्याकाळी तीन छोटे बॅले बघायला जायचंय. आधी कथा वाचून जाऊ का?

बहुतेक वेळा वाचायला कथाच नसते. आपल्या खान्देशातल्या जत्रेत तमाशाला गण-गवळण होते आणि मग वग रंगतो. इथे वगच नाही असं धरून बसा.

क्लासिकल भागात बऱ्याचदा एकोणिसाव्या शतकातला नृत्यदिग्दर्शक मारियस पेतिपा याच्या एखाद्या मोठ्या बॅलेचा फक्त शेवटचा नाचाचा भाग असतो, उदा. ‘पाकिता’. पांढरे आखूड झगे, रांगा, एकेकीचा सोलो. टाळ्या सोलोनंतर वाजवल्या तरी चालतात, तिथे कुणी वळून बघत नाही.

निओक्लासिकल म्हणजे मुख्यतः विसाव्या शतकातला नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बालनचिन. पावलं जुन्याच क्लासिकल पद्धतीची, पण सजावट आणि गोष्ट काढून टाकलेली, नाच थेट संगीताला बांधलेला. १९२८ च्या ‘अपोलो’त थोडीफार कथा उरली आहे. १९३४ चा ‘सेरेनाड’ मात्र जरूर बघा. न्यूयॉर्कच्या नव्या शाळेतल्या विद्यार्थिनींसाठी तो बसवला. तालमीत एक मुलगी पडली, एक उशिरा आली, आणि बालनचिनने दोन्ही प्रसंग नाचातच ठेवून दिले! ती पडणारी दिसली की घाबरू नका.

वाचण्यापेक्षा ‘सेरेनाड’चं संगीत, म्हणजे चायकोव्हस्कीचं ‘सेरेनाड फॉर स्ट्रिंग्ज’, गाडीत एकदा ऐका. तिकीट पहिल्या रांगेचं नको, नाचणाऱ्यांच्या रांगांचे आकार वरून छान दिसतात. बाल्कनी स्वस्तही पडते. मध्यंतरं बहुधा दोन असतात, त्यामुळे परतीची गाडी अगदी लगेचची धरू नका.