हौसेने आणलेलं पुस्तक अर्ध्यावरच सुटतं, सारखा फोन हातात जातो. काय करावं?

फोन उपडा करून शेजारी ठेवणं पुरत नाही, दुसऱ्या खोलीतच ठेवा. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक सोफी लेरॉय यांनी २००९ साली संशोधनातून दाखवलं, की काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी मन काही वेळ आधीच्याच कामात घुटमळतं. म्हणून व्हॉट्सॲपवर नुसतं ‘हो, येतो’ टाकून परत आलात तरी तोच परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो.

जाड कादंबरी बहुधा पात्रांच्या गर्दीत सुटते. कोण कोणाचा मेहुणा हे खूणचिठ्ठीवर पेन्सिलीने लिहीत जा. रटाळ वाटलं तर खुशाल सोडा, परीक्षा थोडीच आहे! आणि शक्यतो वाचनालयातून आणा. परत करायची तारीख डोक्यावर असली की पानं भराभर उलटतात. विकत घेतलेलं कपाटात पडून राहतं.